राघोबादादांचा चित्रपट : मराठी राजकीय शोकांतिका आणि पडदा

मराठी रंगभूमीवर राजकीय शोकांतिका शेक्सपिअरचे बोट धरून आली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी हॅम्लेट गावोगाव नेला. परक्या राजवाड्यातली कारस्थाने पाहायची सवय झालेल्या या प्रेक्षकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी स्वतःच्या घरातला राजवाडा दाखवला. १८९० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये पेशवा हॅम्लेटसारखा घुसमटतो आणि केशवशास्त्री इयागोसारखे विष पेरतो. ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले. त्यातल्या कीचकात लोकांना कर्झन दिसला, सरकारलाही दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ‘कीचकवध’ येणे आणि त्यावरची बंदी या दोहोंच्या मध्ये, सुरतेला काँग्रेस फुटल्यानंतर दोन वर्षांनी, १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आले. शेक्सपिअरचा सांगाडा त्यातही जाणवतो, पण अंगावरचे मांस पूर्ण पुण्याचे आहे.

नाटकाचा विषय मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणपती बसलेले असताना, भर दुपारी गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा त्यांनी खून केला. पेशवा धावत चुलत्याकडे गेला, त्याच्या कमरेला त्याने मिठी मारली आणि तिथेच त्याच्यावर वार झाले. चुलता म्हणजे रघुनाथराव, राघोबादादा. पुतण्याला धरण्याचा हुकूम त्यांनी दिला आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला, ही पुढची गोष्ट दंतकथेच्या मुलखातली आहे. ती म्हणीत जाऊन बसली, म्हणून तिला पुरावा मागायचे कोणाच्या मनात येत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. वर्षाच्या आत नारायणरावाच्या विधवेला पुरंदरावर मुलगा झाला, दादांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाईंनी त्याला गादीवर बसवले आणि दादा कायमचे गादीबाहेर फेकले गेले.

या गोष्टीत चार माणसे आहेत. मरणारा नारायणराव कोवळा आहे, त्याला फार बोलायला मिळत नाही. रामशास्त्री निष्कलंक आहेत, म्हणून ते शोकांतिकेचे नायक होऊ शकत नाहीत. निष्कलंक माणसाला साक्षीदार किंवा न्यायाधीश होता येते, इतकेच. आनंदीबाईंना हवे ते ठाऊक आहे, त्यांच्या मनात दुफळी नाही. दुभंगलेले आहेत ते एकटे दादा. हवे आहे पण करवत नाही, केल्यावर कबूल करवत नाही, कबूल केल्यावर भोगवत नाही. ‘भाऊबंदकी’ची शोकांतिका त्यांची आहे. मराठी पडद्याने गेल्या शंभर वर्षांत या गोष्टीशी काय केले हे पाहताना हाच एक मुद्दा लावून धरला तर बाकीचे आपोआप उलगडते: पडदा दादांकडे कॅमेरा वळवायला तयार नाही.

सुरुवात मात्र याच खुनापासून झाली. एस. एन. पाटणकरांनी १९१५ मध्ये नारायणराव पेशव्याच्या मृत्यूवर मूकपट काढला. भारतातल्या पहिल्या ऐतिहासिक चित्रपटांत त्याची गणना होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. देवादिकांच्या कथांतून बाहेर पडून इतिहासाला हात घालायचा ठरल्यावर सिनेमाने पहिल्याच फटक्यात घरातला खून उचलला, याचे आजच्या ऐतिहासिक चित्रपटांकडे पाहताना नवल वाटावे. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही, त्यामुळे त्यातला चुलता कसा होता यावर बोलण्यात अर्थ नाही.

बोलपटात ही कथा आली ती प्रभातच्या ‘रामशास्त्री’मधून, १९४४ मध्ये. दिग्दर्शन गजानन जागीरदारांच्या नावावर आहे, जरी काम राजा नेने आणि विश्राम बेडेकर यांच्या हातांतून फिरत त्यांच्यापर्यंत आले. रामशास्त्रींची भूमिकाही जागीरदारांचीच. आनंदीबाई होत्या ललिता पवार. व्ही. शांताराम सोडून गेल्यानंतरच्या प्रभातचा हा अखेरचा भरदार चित्रपट म्हणता येईल. पण त्याचे नावच सांगते की वजन कुठे ठेवले आहे. अडाणी म्हणून हिणवला गेलेला एक मुलगा काशीला जातो, शिकतो, न्यायाधीश होतो आणि शेवटी राज्यकर्त्याला त्याच्या तोंडावर दोषी ठरवतो: हा निर्भय माणसाचा चरित्रपट आहे. १९४४ मध्ये, चळवळीचे पुढारी तुरुंगात असताना, सत्तेपुढे ताठ उभा राहणारा न्यायाधीश लोकांना हवाच होता. त्या काळात तो चित्रपट तसाच व्हायला हवा होता. परिणाम असा झाला की खुनाची कथा न्यायाची कथा झाली. खुनी माणूस निकाल ऐकण्यापुरता समोर उरला. ‘भाऊबंदकी’तला रामशास्त्रींचा भाग मोठा करून आणि दादांचा भाग लहान करून जे हाती लागते ते ‘रामशास्त्री’, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

त्यानंतर पडदा या खुनाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तिथूनच मागे फिरतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ कादंबरी १९६२ ची. तिच्यावरची दूरदर्शन मालिकाही जागीरदारांनीच केली. नारायणरावाच्या वडीलभावाच्या, थोरल्या माधवरावांच्या, भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत तेव्हाच्या मृणाल देव घरोघर पोहोचल्या. मृणाल कुलकर्णींनी पुढे २०१४ मध्ये ‘रमा माधव’ दिग्दर्शित केला, त्यात मंकणी नानासाहेब पेशवे झाले. प्रसाद ओकचे राघोबादादा आणि सोनाली कुलकर्णीच्या आनंदीबाई त्यात आहेत, आणि दोघांच्या वाट्याला आलेल्या थोड्या प्रसंगांत पुढच्या घडामोडींचा वास येतो. पण ‘स्वामी’ असो वा ‘रमा माधव’, कथा थेऊरला संपते. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले, रमाबाई सती गेल्या. तिथून खुनाला अवघे नऊ महिने उरतात. करुण कथा हवी असणाऱ्याला थेऊर पुरते. शोकांतिका हवी असणाऱ्याला हे नऊ महिने लागतात, आणि नेमके तेच पडद्यावर गळतात.

मराठीत राजकीय शोकांतिका पडद्यावर मुळी आलीच नाही असे मात्र नाही. दोनदा आली, दोन्ही वेळा विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य. विरोध झाला, संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवले आणि मग थिएटर अॅकॅडमी स्थापन होऊन ते पुन्हा उभे राहिले. चित्रपट १९७६ चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह काढून तो केला, के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चार दिग्दर्शक. मोहन आगाशे नाना फडणवीस होते आणि ओम पुरी या नवख्या नटाने घाशीराम केला.

हा चित्रपट थोड्यांनी पाहिला आणि त्याहून थोड्यांना आवडला. रंगमंचावर माणसांची रांग हीच भिंत होती. ती डोलायची, गायची, फिरली की मागचे गुपित उघडे पडायचे. चित्रपटकर्त्यांनी ती भिंत तशीच उचलून पडद्यावर ठेवली नाही. त्याऐवजी न तुटणाऱ्या लांबलचक शॉट्समधून कॅमेराच फिरत ठेवला. नाटकातला ताल गेला, ही नाटक पाहिलेल्यांची तक्रार खरी आहे. पण प्रयोगाचे छायाचित्रण म्हणजे रूपांतर नव्हे, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे आधी कोणी दाखवले नव्हते. शिवाय घाशीरामाला त्यांनी निव्वळ दुष्ट केले नाही. मुलगी विकून अधिकार मिळवणारा बाप, आणि तो अधिकार हातात आल्यावर मुलगीच गमावलेला बाप: शोकांतिकेला लागणारा दोषी नायक इथे पुरता उभा आहे.

दुसरा चित्रपट जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’, १९७९ चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. यात वाडा नाही, मंत्रालय आहे. खून नाही, खातेवाटप आहे. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे एकमेकांना खेळवतात, आणि सगळ्याची किंमत मोजतो तो नुसता पाहणारा पत्रकार, निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. काठावर बसलेला माणूस वेडा होतो आणि खेळणारे शाबूत राहतात, ही शेक्सपिअरला न सुचलेली आधुनिक गोष्ट आहे.

पंचेचाळीस वर्षे उलटली तरी या दोन्ही वाटांनी पुढे फारसे कोणी गेले नाही. दरम्यान ऐतिहासिक चित्रपटांचे पीक मात्र जोरात आले. दिग्पाल लांजेकरांचे ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ हे पाच चित्रपट २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत आले. हिंदीत ‘बाजीराव मस्तानी’, ‘पानिपत’, ‘तान्हाजी’ झाले. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला आणि थिएटरात घोषणा घुमल्या. यातल्या बऱ्याच चित्रपटांत नायक शेवटी मरतो. पण शत्रू बाहेरचा असतो, नायकाच्या हातून चूक झालेली नसते, आणि त्याच्या मरणाने त्याचे मोठेपण वाढते. याला वीरगाथा म्हणावे, हुतात्म्याची कथा म्हणावे. त्यातही कस लागतो. पुढे ज्या मुलखाकडे वळायचे आहे त्या कर्जत तालुक्याला तशी कथा परकी नाही: माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळ्यांना बळी पडले, आणि २०२० मध्ये कोतवालांवर मराठी चित्रपटही आला. हुतात्म्याच्या कथेत प्रेक्षक नायकाच्या बाजूने उभा राहतो. शोकांतिकेत त्याला नायकाच्या शेजारी उभे राहावे लागते, आणि दादांच्या शेजारी उभे राहायला कोणाला आवडेल? राघोबादादांना आज ना जात आपला म्हणते, ना पक्ष, ना गाव. ज्याच्या नावाने घोषणा देता येत नाही त्याच्यावर पैसे लावणारा निर्माता सापडणे अवघड, हे साधे व्यावहारिक कारण कलेच्या कारणांपेक्षा मोठे आहे.

नाटकावरून चित्रपट करायला मराठी निर्माते बिचकतात असेही नाही. सुबोध भावेंनी २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ केला आणि चालवून दाखवला. महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ २०१६ च्या पहिल्याच दिवशी आला आणि तोही चालला. खाडिलकरांच्याच ‘संगीत मानापमान’वर जानेवारी २०२५ मध्ये चित्रपट झाला. म्हणजे खाडिलकर चालतात, पण गाणारे खाडिलकर चालतात. ‘भाऊबंदकी’चे गद्य खाडिलकर अजून कपाटात आहेत.

ते कपाट उद्या कोणी उघडायचे ठरवले तर पहिला प्रश्न जागेचा येतो, आणि त्याचे उत्तर नेरळच्या अलीकडच्या शेलू स्टेशनावर उतरले की दिसू लागते. मुंबईच्या लोकलने गाठता येणारा, आणि तरी गावपण पुरते न हरवलेला हा पट्टा: एका अंगाला उल्हास नदी, दुसरीकडे माथेरानच्या रांगेचा कडा आणि त्यातून सुटा झालेला पेबचा किल्ला, पुढे पूर्वेला भीमाशंकरची भिंत. रुळांच्या दोन्ही बाजूंनी इमारती चढत आहेत, तरी कॅमेरा योग्य तिकडे तोंड करून ठेवला तर अठरावे शतक अजून सापडते. कर्जतपलीकडे, चौकच्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यातल्या हातनोलीला कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तिथे उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका तिथे झाली, आणि आशुतोष गोवारीकरांच्या २०१९ च्या ‘पानिपत’साठी देसाईंनी शनिवारवाडाही तिथेच बांधला. देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच स्टुडिओत गेले. पुण्यातला खरा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तिथे आता तट, दरवाजे आणि चौथरे उरले आहेत. म्हणून ज्या वाड्यात खून झाला तो पाहायचा तर प्लायवूड आणि पीओपीचाच पाहावा लागतो. बोटाने टकटक केले की आतून पोकळ आवाज येतो.

हा पोकळपणा लपवायला गेल्या वीस वर्षांत एक रीत पडली आहे: हजारो दिवे, झुंबरे, पिवळा उजेड आणि वरून फिरणारी क्रेन. वाडा भव्य दिसतो, पण त्यात कोणी राहत असेल असे वाटत नाही. ‘भाऊबंदकी’ला भव्यता घातक ठरेल. त्या दुपारी पेशवा दालनामागून दालन ओलांडत पळाला. त्या पळण्यात दारे अरुंद आणि माजघर अंधारे हवे. अकिरा कुरोसावाने १९५७ मध्ये ‘मॅक्बेथ’वरून ‘थ्रोन ऑफ ब्लड’ केला तेव्हा किल्ला फुजी पर्वताच्या काळ्या मातीवर धुक्यात बांधला आणि आतली दालने जवळजवळ रिकामी ठेवली. इसुझू यामादाची राणी त्या रिकाम्या जागेत बसून राहते आणि नुसत्या वस्त्राच्या सळसळीने अंगावर काटा आणते. ऑर्सन वेल्सने तर १९४८ चा ‘मॅक्बेथ’ तेवीस दिवसांत गुंडाळला, आणि त्याची खडकाळ, ओलसर गुहेसारखी गढी अजून डोळ्यांपुढून जात नाही. मराठी निर्मात्याच्या पैशाला परवडणारी परंपरा ही आहे.

ओल म्हटली की दुसरा मुद्दा निघतो, आणि तो आजवरच्या सगळ्या पेशवाईपटांना लागू आहे. खून भाद्रपदातला. चित्रीकरणे मात्र पाऊस गेल्यावर, बहुधा दिवाळीनंतर, सुरू होतात. सेट भिजू नये, कॅमेरा भिजू नये, दिवस फुकट जाऊ नयेत. त्यामुळे पडद्यावरची पेशवाई कायम कोरडी, उन्हाळ आणि धुळीची. त्र्याहत्तरच्या त्या दुपारी आभाळ कसे होते ते सोडा, पण भाद्रपदाचा उजेड कसा असतो हे शेलूच्या शिवारात आजही दिसते: पोटरीला आलेला भात, बांधावर तेरडा, डोंगरावरून खाली उतरलेले ढग आणि एकाएकी पडणारे चिरके ऊन, ज्यात सावली धरते न धरते तोच विरते. भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागते. या उजेडात कोणाचाही चेहरा पुरता स्पष्ट होत नाही. दादांचा चित्रपट याच उजेडात व्हायला हवा. ताडपत्र्या, जनरेटर व्हॅनचे भाडे आणि वाया जाणारे दिवस धरून खर्च वाढेल, हे खरे. त्या बदल्यात झुंबरांचे पैसे वाचतील.

तिसरा प्रश्न त्या कागदाचा. ‘ध’चा ‘मा’ रंगमंचावर बोलून दाखवता येतो. पडद्यावर प्रेक्षक कागद पाहायला मागेल. पत्र मोडीत हवे, बोरूने लिहिलेले, आणि मोडी वाचणारा माणूस सेटवर हवा, नाहीतर अक्षरे नुसती नक्षी होतात. पण मोडी वाचता न येणाऱ्या प्रेक्षकाला अक्षर बदललेले कळणार कसे? बहुतेक दिग्दर्शक इथे बाईचा हात, बांगड्या आणि शाईचा थेंब दाखवतील, मागे ढोल वाजवतील आणि मोकळे होतील. असे केले की गुन्हा सरळ आनंदीबाईंच्या पदरात पडतो आणि दादा सुटतात. म्हण तयार करणाऱ्यांना तेच हवे होते. अधिक कठीण आणि अधिक खरे दृश्य वेगळे आहे: कागद लिहून झाला आहे, वाळू टाकून शाई वाळवली आहे, तो दादांपुढे आला आहे, आणि ते तो वाचतात की न वाचताच मान हलवतात हे कॅमेऱ्याला त्यांच्या पाठीमागून दिसत नाही. न वाचणे हाच त्यांचा गुन्हा असू शकतो. अक्षराची दंतकथा तशीच ठेवून तिचा भार जिथला तिथे ठेवता येतो, आणि आनंदीबाईंना चेटकिणीच्या साच्यातून बाहेर काढता येते. दुर्गाबाई खोट्यांनी १९५४ मध्ये शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये लेडी मॅक्बेथ उभी केली, तेव्हापासून मराठी नटींना महत्त्वाकांक्षी बाई करता येते हे सिद्धच आहे, त्यांना तशी भूमिका लिहून मिळत नाही.

भाषेचे संकट सर्वांत मोठे. खाडिलकरांची वाक्ये सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी घडवलेली आहेत. लांब, पल्लेदार, एका श्वासात न मावणारी. कॅमेरा हातभर अंतरावर असताना ती म्हटली तर नट ओरडतो आहे असे वाटते, आणि पुटपुटली तर ती मोडतात. रशियन दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिंत्सेव्हने १९६४ च्या ‘हॅम्लेट’मध्ये एक तोड काढली: स्वगत ओठांवर न ठेवता मनात ठेवले आणि माणसाला गर्दीतून चालत नेले. विशाल भारद्वाजने ‘मकबूल’मध्ये शेक्सपिअरचे काव्य जवळजवळ पूर्ण टाकले, गोष्ट मुंबईच्या गुन्हेगारीत नेली आणि चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस बसवले. त्यातला एक ओम पुरी, म्हणजे जुना घाशीरामच. ‘भाऊबंदकी’ला यातली पहिली तोड जवळची आहे. दादांची स्वगते कापावीत, पण सगळी नव्हे. दरबारातली भाषणे जशीच्या तशी राहू द्यावीत, कारण दरबारात माणसे खरोखरच तशी बोलत. प्रत्येक वाक्य कोणीतरी टिपून घेणार हे त्यांना ठाऊक असे. माजघरात मात्र तीच माणसे तुटक, अर्धवट आणि कोकणी हेल लागलेले बोलतील. श्रीवर्धनहून वर आलेले घराणे आहे ते. गारद्यांनी हिंदुस्तानीच बोलावे, आणि ते बोलत असताना दादांना तीच भाषा सफाईने येते हे दिसावे: उत्तरेच्या मोहिमा केलेला माणूस आहे. रामशास्त्रींचा निकाल एकदाच, आवाज न चढवता. १९४४ मध्ये तो दुमदुमणे गरजेचे होते. आज त्या प्रसंगी कॅमेऱ्याने ऐकणाऱ्याच्या तोंडावर थांबावे.

इथपर्यंत चित्रपट खाडिलकरांच्या मागून चालू शकतो. पुढे मात्र खालापूर तालुक्याची भूमीच त्याला असे काही देते जे १९०९ च्या रंगमंचाला पेलणारे नव्हते. गादी गेल्यावर दादा इंग्रजांकडे गेले आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. १७७८ च्या अखेरीस कंपनीची फौज त्यांना पुण्यात बसवायला मुंबईहून निघाली, पनवेलवरून खोपोलीला आली आणि बोरघाट चढली. चार हजारांच्या आसपास माणसे, तोफा, आणि त्यामागे हजारो बैलांची रांग. चाल गोगलगायीची. घाटमाथ्यावर मराठ्यांनी त्यांना पुढे येऊ दिले, मागची वाट धरली, ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला आणि त्याच महिन्यात वडगावला कंपनीने हात टेकले. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी, १७५८ मध्ये, मराठी घोडी अटकेपर्यंत नेली, तोच परक्यांच्या तोफांमागून आपल्याच घाटाची चढण चढतो आहे. पाचव्या अंकाला याहून वेगळे काही शोधायची गरज नाही. नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि वीरेश्वराचे देऊळ याच घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत आहे. दादांना गादीपासून दूर ठेवणाऱ्या बारभाईंतला सर्वांत धूर्त माणूस तो. त्याच्या नावाचे पाणी त्याच वाटेवर असावे हे पटकथाकाराने रचले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

चित्रीकरण मात्र खऱ्या बोरघाटात होणे शक्य नाही. द्रुतगती मार्ग, जुना रस्ता, रेल्वेचे तिहेरी रूळ आणि विजेचे मनोरे यांतून चौकट रिकामी सापडणार नाही. शेलूच्या पट्ट्यातही आवाजाचा घोळ आहेच: लोकल येते, भोंगा वाजतो आणि आनंदीबाईंचे वाक्य वाया जाते. तिथली दृश्ये बिनआवाजाची घेऊन मागाहून डबिंग करावे लागेल, किंवा रात्रीची असतील तर गाड्यांची वर्दळ कमी असते तेव्हा उरकावी लागतील. घाटासाठी कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीकडे चढणारी पायवाट अधिक कामाची. दगडी, दाट झाडीतून जाणारी, तोफ ओढताना खरोखर दमवणारी. बैल मिळवणे हे वेगळे काम आहे. रायगड जिल्ह्यात आता तगडे बैल राहिले ते शर्यतीचे. ते जुंपले की पळतात, आणि या दृश्याला तर पाऊल उचलताना कंटाळलेली जनावरे हवीत. चढणीवर रांग लांबवर दिसेल असा एकच शॉट घ्यावा, कापू नये, ‘घाशीराम’च्या पोरांनी घेतला असता तसा. दादांची पालखी त्या रांगेत कुठे ठेवायची हे आधी ठरवावे लागेल. तोफांच्या पुढे ठेवली तर दादा सेनापती दिसतात, मागे ठेवली तर सामान.